करवंदीच्या फुलाची नोंद

मराठीत फळाला करवंद म्हणतात, झुडपाला करवंदी म्हणतात, आणि अशी अनेक झुडपे एकमेकांत गुंतून वाढली की त्या काटेरी गुंत्याला जाळी म्हणतात. जाळीला तर आपल्या बोलण्यात आणि लिहिण्यात स्वतःचे असे वजन आहे. वाघ जाळीत दबा धरून बसतो, ससा जाळीत शिरतो, चुकलेली शेळी जाळीत अडकते. पण या झुडपाच्या फुलाला भाषेने वेगळे नाव दिलेले नाही. आंब्याला मोहोर येतो, उसाला तुरा येतो, केळीला केळफूल असते, माडाला पोय असते. करवंदीला मात्र नुसते फूल येते. ज्या फुलोऱ्यावरून माणूस पुढच्या पिकाचा अंदाज बांधतो त्याला तो नाव देतो, असा साधा निष्कर्ष यातून काढता येईल. करवंदी कोणी लावत नाही, तिची राखण करत नाही. ती डोंगराची आहे. वैशाखात तिची फळे काळी होतात तेव्हा लोक तिच्याकडे वळतात, तोवर तिच्याशी कोणाचे काही काम नसते.

संस्कृतातही फारसे वेगळे दिसत नाही. अमरकोशात करमर्दकाच्या पर्यायांत ‘कृष्णपाकफल’ हे नाव येते. पिकल्यावर ज्याचे फळ काळे होते ते, म्हणजे इथेही ओळख फळावरूनच. संस्कृत काव्याने शिरीष, कुंद, कुरबक, कर्णिकार यांना मान दिला. काटेरी करमर्दाच्या पांढऱ्या, सुगंधी फुलांना त्या मांडवात जागा मिळाली नाही. मराठी लोकव्यवहारात करवंदाला विकणाऱ्यांनी ‘डोंगरची काळी मैना’ केले, आणि पोरांनी त्याचा खेळ केला: फळ फोडायचे आणि आत लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. हे सगळे फळाचे वैभव. फुलाकडे पाहायला कोणी शिकवले, आणि त्या पाहण्यात काय मिळाले व काय सुटले, हा या लेखाचा विषय आहे. गेल्या पंचवीस वर्षांत सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या कॅमेऱ्यांनी करवंदी, अंजनी, तोरण, आंबगुळी अशा रानफळांच्या झुडपांची फुले जेवढी टिपली तेवढी त्याआधीच्या तीनशे वर्षांत मिळूनही कोणी चितारली नसतील. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा राहिलेला नाही. चित्र, शब्द आणि वस्तू यांच्या नात्याचा विचार करणाऱ्या कोणालाही तो पडायला हवा.

आरंभ बराच मागून करावा लागतो. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. मलबारच्या वनस्पतींचा हा ग्रंथ आपल्याला दोन कारणांनी जवळचा आहे. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या वैद्याच्या मल्याळम साक्षीबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांची कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील साक्ष छापलेली आहे. नागरी अक्षरे छापून आल्याच्या अगदी जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. दुसरे कारण कामाच्या रीतीचे. ऱ्हेडेने जाणत्यांकडून झाडांच्या याद्या करवल्या त्या ऋतूंप्रमाणे: कोणते झाड कधी फुलते, कधी फळते. मग त्या त्या वेळी माणसे रानात पाठवून पाने, फुले, फळे आणवली आणि चित्रकारांपुढे ठेवली. ताम्रपटावरील एका चित्रात फूलही आहे आणि फळही आहे, ते असे. कागदावर ती एकाच फांदीवर दिसतात. त्यांच्यामध्ये गेलेले महिने दिसत नाहीत.

वनस्पतिचित्राचा हा मुख्य संकेत लक्षात ठेवावा, कारण छायाचित्राशी तुलना करताना तोच कामाला येणार आहे. वनस्पतिचित्र काळाच्या बाबतीत खोटे बोलते. करवंदीवर फूल असते तेव्हा फार तर शेजारी हिरवे, कोवळे फळ दिसेल. फूल आणि काळे पिकलेले करवंद एका फांदीवर क्वचितच भेटतात. चित्रकार मात्र त्यांना शेजारी बसवतो, खाली कोपऱ्यात फळ चिरून बिया दाखवतो, कळी उघडून आतले पुंकेसर मांडतो. असे झुडूप जगात कोठेही, कोणत्याही दिवशी उभे नसते, आणि तरीही ते चित्र झुडपाविषयी खरे असते.

महाराष्ट्राच्या भूमीवर या प्रकारचे मोठे काम झाले ते पुण्याजवळ दापोडीला. तिथे मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती. १८३८पासून तिची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे होती. पुढे १८४७ साली तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० या काळात त्याने एका चित्रकाराकडून बागेतील आणि रानातील वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून ती उजेडात आणली. हा चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता एवढेच त्याच्याविषयी सांगितले जाते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. गिब्सनचे नाव वनस्पतींच्या लॅटिन नावांत गुंफले गेले, आणि ज्याच्या डोळ्याने आणि हाताने त्या पाहिल्या तो ‘एक पोर्तुगीज चित्रकार’ म्हणून उरला. वसाहतकाळातील ज्ञानव्यवहाराचे हे नेहमीचेच दृश्य आहे, पण नेहमीचे म्हणून ते कमी बोचत नाही.

त्यानंतरचा काळ शब्दांचा. १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ निघाला, आणि १९०१ ते १९०८ या काळात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ. कुकचे वर्णन वाचणे हा एक शिस्तीचा अनुभव आहे. पानाची लांबी, देठाचा आकार, पाकळ्यांची वळण्याची दिशा, काट्याला फाटा आहे की नाही, फुलण्याचा महिना, कोणी कोठे गोळा केले, आणि जमल्यास देशी नाव. विशेषणे मोजकी, क्रियापदे जवळजवळ नाहीत. ज्यांना वर्णनात्मक गद्याचा अभ्यास करायचा आहे त्यांनी हे ग्रंथ साहित्य म्हणून वाचून पाहावेत, असे मला मनापासून वाटते. असो.

आता छायाचित्र. गंमत अशी की छायाचित्रणाच्या जन्माच्या वेळी वनस्पती अगदी जवळ उभी होती. हेन्री फॉक्स टॅलबट याने आपल्या पद्धतीची घोषणा १८३९ साली केली. त्याच्या आरंभीच्या प्रयोगांत संवेदनशील कागदावर पाने, गवते, फुले ठेवून उन्हात उमटवलेल्या छाया आहेत. ॲना ॲटकिन्स या इंग्रज विदुषीने १८४३पासून ब्रिटनच्या समुद्रशैवालांचे निळे ठसे काढून त्यांची पुस्तके बांधली. छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पण हे कॅमेऱ्याविना केलेले काम होते. वस्तू कागदाला टेकलेली, तिची बाह्यरेषा तेवढी पांढरी, बाकी सारे निळे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातले छायाचित्रकार. परंतु त्या पिढीचे लक्ष माणसे, लेणी, इमारती यांकडे होते, आणि त्याला तांत्रिक कारणही होते. त्या काळच्या काचेवरील लेपाला निळा रंग तेवढा नीट दिसे. लाल त्याला दिसतच नसे. अंजनीची निळी फुले त्या काचेवर फिकट पांढरी झाली असती, लालसर होऊ लागलेले करवंद आणि पूर्ण काळे करवंद यांत भेद राहिला नसता, आणि हिरवे पान काळपट पडले असते. रानफळाची सारी भाषा रंगाची आहे: हिरवे म्हणजे लोणच्याचे, तांबूस म्हणजे आंबट, काळे म्हणजे खाण्याचे. ती भाषा त्या यंत्राला येत नव्हती. ऑटोक्रोम १९०७ साली आले, कोडाक्रोम १९३५ साली. तेव्हा कुठे फळाचे आणि फुलाचे रंग छायाचित्रात येण्याची सोय झाली.

सोय झाली तरी निवड कोणाची होणार हा प्रश्न राहतोच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९३७ साली ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे भारतातील सुंदर वृक्षांवरचे पुस्तक काढले, १९५४ साली बोर आणि रायझादा यांचे सुंदर वेली व झुडपांवरचे. दोन्ही उत्तम आहेत. पण शीर्षकातला ‘सुंदर’ हा शब्द चाळणीचे काम करतो. बागेत लावण्याजोगे, मोठ्या भडक फुलांचे, बहुधा परदेशातून आलेले झाड या चाळणीवर सहज राहते. करवंदी, तोरण, आंबगुळी खाली गळतात.

मराठीत याच सुमारास, १९५६ साली, दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आले. त्याचे महत्त्व या संदर्भात असे की त्याची मांडणी महिन्यांची आहे. सौंदर्याची यादी करणारा लेखक चैत्र-वैशाखात गुलमोहराकडे जाईल. महिन्याचा हिशेब ठेवणाऱ्याला त्या महिन्यात जे जे फुलते त्याकडे पाहणे भाग पडते. पुढे शरदिनी डहाणूकरांच्या ‘फुलवा’सारख्या पुस्तकांनी ही नजर घराघरांत नेली. डोंगरात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या मराठी माणसाच्या मागे हे गद्य आहे, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

रंगीत पारदर्शिकांच्या काळात डोंगरातले फूल टिपणे हे खर्चाचे आणि संयमाचे काम होते. एका रिळात छत्तीस चित्रे. करवंदीचे फूल तर विशेष कठीण. पान गडद, जाड, चकचकीत. फूल शुभ्र, जेमतेम नखाएवढे, पाच पाकळ्या भिंगरीसारख्या एका बाजूला वळलेल्या. पानाचा प्रकाश धरला तर फूल जळून पांढरा डाग होतो, फुलाचा धरला तर पाने काळी पडतात. म्हणून जाणते लोक सकाळी लवकर निघत, नाहीतर छत्रीची किंवा रुमालाची सावली करत. वारा थांबण्याची वाट पाहत. या पिढीच्या कष्टाचे चीज झाले ते २००१ साली श्रीकांत इंगळहळीकर यांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ या पुस्तकात. इंगळहळीकर हे व्यवसायाने अभियंता. त्यांच्या पुस्तकाने सामान्य भटक्याला पहिल्यांदा चित्रावरून फूल ओळखण्याचे, खिशात मावणारे साधन दिले. त्यानंतर अंकीय कॅमेरा आला, मग कॅमेऱ्याचा फोन झाला, आणि रिळाचा हिशेब संपला.

इथून पुढची कहाणी नुसत्या प्रगतीची म्हणून सांगता येत नाही. तीन गोष्टी नोंदवतो.

पहिली, पंचांगाची. महाराष्ट्रातली डोंगरभटकंती मुख्यतः पावसाळ्यापासून थंडीपर्यंतची. श्रावण-भाद्रपदात सडे रंगून जातात तेव्हा कॅमेरे गर्दी करतात. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि तिथली गर्दी आवरावी लागली. रानफळांची बहुतेक झुडपे मात्र त्यानंतर, डोंगर तपकिरी झाल्यावर फुलतात. तोरण ऐन थंडीत, करवंदी माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत. भटके उन्हाला कंटाळून घरी बसण्याचा हाच काळ, आणि उतारांवर वणवे लागण्याचाही हाच काळ. म्हणजे जाळी फुलते तेव्हा पाहणारा नसतो आणि कधी कधी जाळीही नसते. करवंदी चिवट आहे, जळाल्यावर मुळापासून पुन्हा फुटते. पण त्या वर्षीचे फूल आणि त्या वर्षीचे करवंद गेलेले असते. पठार सपाट करून घरे बांधण्यासाठी यंत्राने उपटलेली जाळी तर फुटतही नाही.

दुसरी, चेहऱ्याची. कॅमेऱ्याला चेहरा लागतो. तोरणाच्या फुलाला तो नाही: पाकळ्याच नसलेली, हिरवट पिवळी, दोनचार मिलिमीटरची फुले, झुपक्याने लागणारी. त्यांची छायाचित्रे शोधावी लागतात. गोव्यात ज्यांना चुर्ना म्हणतात ती तोरणाची पांढरी फळे बाजारात भरपूर दिसतात आणि लोक आवडीने खातात, परंतु त्यांचे फूल कसे असते असे विचारले तर खाणाराही थांबेल. याउलट घाणेरी. अमेरिकेतून आलेली, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पतिबागेत लावलेली ही शोभेची वनस्पती बुलबुलांनी तिची काळी फळे खाऊन देशभर पेरली. एका गुच्छात पिवळा, केशरी, गुलाबी असे रंग, वर फुलपाखरू हमखास. डोंगरवाटेवरच्या छायाचित्रांत तिची संख्या पाहिली तर ती इथली कुलदेवताच वाटावी. आणि ती जिथे माजते तिथे करवंदीसारख्या देशी झुडपांना जागा कमी पडते. सौंदर्याच्या चाळणीविषयी वर म्हटले ते इथेही लागू आहे, फक्त चाळणी आता प्रत्येकाच्या हातात आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जवळून घेतलेल्या छायाचित्राचा एक संकेत आता रूढ झाला आहे: एक फूल लख्ख, बाकी सारे धूसर. ती धूसर हिरवळ सुंदर दिसते यात शंका नाही. पण करवंदीच्या बाबतीत जे धूसर झाले तीच जाळी आहे. दुबेळके फुटलेले काटे, समोरासमोरची पाने, देठ मोडताच येणारा पांढरा चीक, फांद्यांचा गुंता हे सगळे चौकटीबाहेर किंवा धुक्यात. उरते एक पांढरे, पाच पाकळ्यांचे फूल, आणि मग त्याखाली ‘रानजाई’ असे लिहिलेले दिसते. याच दिवसांत फुलणारी कुसर ही रानजाईच्या कुळातली वेल. तिचे फूलही पांढरे. पाकळ्या मोजल्या तर कुसरीच्या अधिक भरतात, पण मोजतो कोण? कुड्याशीही असाच गोंधळ होतो, आणि तो तर करवंदीच्याच कुळातला. जुन्या वनस्पतिचित्रातही परिसर नसे, कोरा कागद असे. परंतु तिथे कोऱ्या जागेच्या मोबदल्यात झुडपाचे पूर्ण वर्ष मिळे. आजच्या छायाचित्रात परिसरही जातो आणि वर्षही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. छायाचित्राला तारीख असते. ताम्रपटाला, दापोडीच्या चित्राला फुलाची नेमकी तारीख नव्हती. आजच्या प्रत्येक चित्राच्या पोटात दिवस, वेळ आणि बहुधा जागाही नोंदलेली असते. हे मोठे धन आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात वाळवून कागदावर चिकटवलेल्या फांद्यांखाली ज्या चिठ्ठ्या आहेत त्यांचे काम हीच माहिती करते. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचे डोंगर सर्व ऋतूंत पुन्हा पुन्हा तुडवले आणि १९५३ साली तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ दिला. एकाच जागी परत परत जाणे हेच त्या ग्रंथाचे बळ. आजच्या भटक्याने एकच जाळी धरली, माघात फुलाचे चित्र घेतले, चैत्रात हिरव्या फळाचे, वैशाखात काळ्याचे, आणि प्रत्येक वेळी काटा, पान व थोडे मागे सरून संपूर्ण जाळी यांची एकेक चौकट जोडली, तर जुन्या चित्राचे वर्ष आणि छायाचित्राची तारीख दोन्ही हाती येतात. काही जण असे करतातही. त्यांची चित्रे कौतुकाच्या स्पर्धेत मागे पडतात, कारण त्यांतली निम्मी काट्यांची असतात.

हे सारे माहीत असलेली माणसे डोंगरात आधीपासून आहेत, हेही इथेच सांगितले पाहिजे. कर्जत, कसारा, लोणावळ्याच्या परिसरात वैशाखात पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन बसणाऱ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाया कोणती जाळी आधी पिकते, कोणत्या उताराची करवंदे गोड, यंदा फूल किती होते आणि त्यातले किती टिकले, हे सांगू शकतात. त्यांच्या दृष्टीने फूल आणि फळ हे दोन विषय नाहीत. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. शहराकडे जाणारी करवंदे आणि शहरातून येणारे भटके यांची गाठ आजही याच मार्गावरच्या स्थानकांवर पडते. भटका उतरतो तेव्हा त्याच्याकडे फुलाची चित्रे असतात, समोर टोपलीत फळे असतात. अनेकदा तो टोपलीचे आणि टोपलीवालीचेही चित्र घेतो. ते चित्र पुढे प्रदर्शनात किंवा दिनदर्शिकेवर येते तेव्हा करवंदीचे लॅटिन नाव अचूक छापलेले असते, पूर्वी कॅरिसा कंजेस्टा, आता बहुधा कॅरिसा करंडास. चित्रकाराचे नावही असते. बाईच्या जागी ‘आदिवासी स्त्री’ एवढेच असते, दापोडीच्या त्या पोर्तुगीज चित्रकारासारखे.